पाणी उतरलं की निघायचं: भिगवण, पैठण, लोणार आणि नांदूर मधमेश्वरची सात दिवसांची गाडीसहल

पाणथळ जागांची सहल आखताना बहुतेक जण आधी रजा टाकतात, मग राहायची सोय बघतात आणि निघायच्या आदल्या रात्री कुणाला तरी फोन करून विचारतात, "फ्लेमिंगो आलेत का?" हा क्रम उलटा हवा. महाराष्ट्रातली बहुतेक मोठी पाणथळं शेतीसाठी पाणी अडवल्यामुळे तयार झालेली आहेत. उजनी, पैठणचा नाथसागर, नांदूर मधमेश्वर ही त्यातलीच. पाणी कधी आणि किती सोडायचं हे पाटबंधारे खातं ठरवतं. ते उतरत जातं तसा काठाचा चिखल उघडा पडतो, आणि पक्ष्यांचं खाणं त्या चिखलात आणि त्याला लागून असलेल्या वीतभर पाण्यात असतं. धरण काठोकाठ भरलेलं असेल तर आपल्याला निळंशार पाणी दिसतं, पण लांब पायांच्या पक्ष्यांना उभं राहायला जागा नसते. म्हणून सहलीची तारीख धरणाचा साठा बघून काढायची.

पुढची आखणी पुण्याहून निघून पुण्यालाच परतणाऱ्या वाटेची आहे: सुपे, भिगवण, रेहेकुरी, पैठण, लोणार, नांदूर मधमेश्वर. अंतर हजार किलोमीटरच्या आसपास होतं. नाशिककरांनी ती नांदूरपासून सुरू करावी, विदर्भातल्यांनी लोणारपासून. वर्तुळ तेच राहतं.

तारीख कशी काढायची

जलसंपदा विभागाचे धरणसाठ्याचे आकडे रोज प्रसिद्ध होतात आणि सोलापूर, मराठवाड्याच्या वर्तमानपत्रांत ते हमखास छापून येतात. उजनीचे आकडे वाचताना एक गोष्ट माहीत हवी. या धरणात एकूण ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, पण त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृत साठ्यात, म्हणजे एरवी न वापरायच्या तळाच्या पाण्यात, धरलं जातं. बातम्यांतली टक्केवारी वरच्या उपयुक्त साठ्याची असते. त्यामुळे उन्हाळ्यात "उजनी मायनसमध्ये" असं वाचलं तरी जलाशय कोरडा पडलेला नसतो. आपल्याला तो इतका खाली गेलेलाही नको असतो. चांगल्या पावसाच्या वर्षी डिसेंबरातही उजनी तुडुंब असते, तेव्हा तिच्या काठावरच्या भिगवणला जायची घाई करू नये. साठा उतरायला लागून काठावर चिखलाचे पट्टे दिसू लागले की रोहित, म्हणजे आपले फ्लेमिंगो, थव्यांनी येऊन बसतात.

नांदूरचं गणित वेगळं आहे. तिथली बदकं नोव्हेंबरपासून असतात आणि फेब्रुवारीच्या शेवटाला परतीला लागतात. दोन्ही टोकं साधायची तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य हा काळ धरावा. पाऊस कमी झालेल्या वर्षी दोन आठवडे अलीकडे, भरपूर झालेल्या वर्षी दोन आठवडे पलीकडे. आकड्यांबरोबरच ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर त्या त्या जागेच्या गेल्या आठवड्यातल्या नोंदी बघा आणि भिगवणच्या एखाद्या नावाड्याला किंवा होमस्टेवाल्याला फोन करा. "पाणी कुठपर्यंत आहे?" असं विचारलंत तर तो जास्त नेमकं सांगेल, कारण मासेमारीसाठी त्याला ते रोज बघावंच लागतं.

२६ जानेवारीला जोडून आलेली सुट्टी टाळा. कुंभारगावच्या काठावर त्या दिवसांत गाड्या लावायला जागा मिळत नाही.

गुरुवारी निघा

शनिवारी पहाटे निघायची सवय या वाटेवर मोडावी लागते. गर्दी भिगवणला आणि नांदूरला होते, मधल्या ठिकाणी फारशी नाही. गुरुवारी निघालं की भिगवणची सकाळ शुक्रवारी मिळते आणि नांदूरची पुढच्या बुधवारी. शनिवार-रविवार आपण रेहेकुरी आणि पैठणच्या बाजूला असतो. मांडणी अशी: गुरुवारी सुपे करून भिगवणला मुक्काम, शुक्रवारी रेहेकुरीजवळचं कर्जत, शनिवारी पैठण, रविवार-सोमवार लोणार, मंगळवारी सिन्नर किंवा नाशिक, बुधवारी नांदूर बघून घरी.

प्रत्येक दिवसाचा साचा एकच ठेवावा. सूर्योदयाला पाण्यावर किंवा माळावर, साडेनऊ-दहाला न्याहारी, भर दुपारी गाडी चालवणं, चारनंतर पुन्हा दुर्बीण हातात. दुपारी उन्हाने पाण्यावरची हवा थरथरते, लांबचं काही धड दिसत नाही आणि फोटोही बिघडतात. तो वेळ रस्त्यासाठीच ठेवलेला बरा.

अंधार पडल्यावर गाडी चालवायची नाही हा नियम मात्र मोडू नका. हा उसाच्या गळीत हंगामाचा काळ असतो. बारामती, इंदापूर, कर्जत, शेवगाव, पैठण हा सगळा कारखान्यांचा पट्टा. ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यावर बाहेर झुकलेला ऊस, आणि पुष्कळदा मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. रात्री समोरच्या गाडीच्या प्रखर दिव्यांत अशी उभी ट्रॉली अगदी शेवटच्या क्षणी दिसते. सहा वाजता मुक्कामावर पोचायचं असं धरूनच अंतरं आखा.

गाडी आणि सामान

या वाटेला साधी हॅचबॅक पुरते. जीप लागत नाही, टायर चांगले लागतात. परतीला समृद्धी महामार्गावर बराच वेळ सलग वेगात जायचं आहे आणि तिथल्या काँक्रीटवर जुने टायर तापून फुटण्याचा धोका असतो. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. पाच-सहा वर्षं झालेला टायर नक्षी शिल्लक असली तरी या सहलीआधी बदलून घ्या. हवा गाडी थंड असताना, निघायच्या सकाळीच तपासा.

दुसरा शत्रू म्हणजे वेडी बाभूळ. जलाशयांच्या काठाला तिचं रान माजलेलं असतं आणि वाळलेला काटा टायरमध्ये सरळ घुसतो. स्टेपनी, जॅक आणि बारा व्होल्टवर चालणारा छोटा हवेचा पंप सोबत ठेवा. काठाकडे जाणाऱ्या वाटा काळ्या मातीतून जातात. शेताला पाणी दिलेलं असेल आणि पाट फुटून रस्ता ओला झाला असेल तर उतरून आधी पायाने माती दाबून बघा. काळ्या मातीत रुतलेली गाडी ट्रॅक्टरशिवाय निघत नाही.

दुर्बीण ८ × ४२ची घ्या. आठ पटीच्या पुढे गेलात तर हलत्या नावेत चित्र स्थिर राहत नाही. पहाटेसाठी कानटोपी आणि जाकीट लागतंच, कारण जानेवारीत राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत निफाडचं नाव वरचेवर येतं आणि नांदूर निफाड तालुक्यातच आहे. कपडे मातकट, हिरवट रंगाचे. ड्रोन घरी ठेवा. अभयारण्यात परवानगीशिवाय तो उडवता येत नाही, आणि थवा उठवायला त्याच्याइतकं वाईट साधन दुसरं नाही.

सुपे: सुरुवात माळावरून

पुण्याहून सोलापूर रस्त्याने चौफुल्यापर्यंत यायचं आणि तिथून उजवीकडे वळायचं. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य जेमतेम ५ चौरस किलोमीटरचं आहे, पण चिंकारा इतक्या निवांतपणे दुसरीकडे क्वचितच दिसतात. पाणथळाच्या सहलीत गवताळ माळ कशाला, असं वाटेल. पण काठावरच्या भोवत्या, कापशी अशा शिकारी पक्ष्यांना हा माळ लागतोच. शिवाय आजवर "पडीक" म्हणून या माळांवर हवं ते उभारलं गेलंय, तेव्हा ते जिवंत असताना बघून ठेवायला हवेत. कुणाला आणखी वेळ असेल तर पुणे वन विभागाने शिर्सुफळ आणि कडबनवाडीला स्थानिक वाटाड्यांसह गवताळ सफारी सुरू केली आहे. तिची नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते.

भिगवण: नावेत कसं बसायचं

सुप्याहून बारामतीमार्गे भिगवण तासा-दीड तासावर आहे. मुक्काम गावात करण्यापेक्षा कुंभारगाव किंवा डिकसळच्या बाजूला करा, म्हणजे पहाटे उठून थेट काठावर जाता येतं. होमस्टे साधे असतात. रात्री जेवणात चिलापीचं कालवण आणि भाकरी मिळते. भिगवणच्या मासळीच्या थाळीसाठी लोक पुण्याहून मुद्दाम येतात ते उगीच नाही.

नाव आदल्या संध्याकाळीच ठरवा आणि तेव्हाच तीन गोष्टी बोलून घ्या: निघायची वेळ उजाडण्याआधीची, प्रत्येकाला लाइफ जॅकेट, आणि थव्याच्या जवळ गेल्यावर मोटर बंद. तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. पैसे देणारा गिऱ्हाईक "अजून जवळ घ्या", "एकदा उडवा ना" म्हणतो आणि नावाड्याला नाही म्हणता येत नाही. आपणच आधी सांगितलं की "उडवायचे नाहीत", की त्याचाही जीव हलका होतो. मग तो लांबूनच मोटर बंद करतो, बांबूने नाव रेटतो आणि चिखलाच्या पट्टीपासून योग्य अंतरावर थांबवतो.

तिथे निदान अर्धा तास काही न बोलता बसा. रोहित मान खाली घालून चोच उलटी पाण्यात बुडवतो आणि पाय जागच्या जागी आपटत हळूहळू गोल फिरतो. पायाने ढवळलेल्या गाळातलं बारीकसारीक खाणं चोचीच्या जाळीतून गाळलं जातं. थवा जवळ असला तर मोटर बंद झाल्यावर त्या चिखल तुडवण्याचा आणि चोचींचा बारीक चुबुकचुबुक आवाज येतो. एक पक्षी खाणं थांबवून मान उंच करतो, मग शेजारचा, मग दहा-बारा. ही खूण दिसली की आपण जास्त जवळ आलोय असं समजून नाव मागे घ्यायला सांगा. पुढची पायरी थवा उठण्याची असते.

रोहितांच्या नादात बाकीचे सुटू देऊ नका. पट्टकादंब हंस मध्य आशियातून हिमालय ओलांडून इथे येतात आणि पहाटे काठावर चरताना दिसतात. चित्रबलाक, चमचे, शेकाटे, कुरव, सुरय असतातच. मासेमारीसाठी पाण्यात रोवलेल्या खांबांवर ऑस्प्रे हा मासे पकडणारा शिकारी पक्षी बसलेला दिसला तर सकाळ सार्थकी लागली म्हणायची.

पाण्याला हिरवट साय आणि वास असेल तर त्याचं कारण पुण्यात आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून वाहत येऊन इथे साठतं. काठावरची माणसं त्याच पाण्यात जाळी टाकतात. हे इथे येणाऱ्या प्रत्येक पुणेकराने बघावं, आणि पुढच्या वेळी शहरात नदीचा विषय निघाला की आठवून बोलावं असं मला मनापासून वाटतं.

उशिराच्या उन्हाळ्यात आलात आणि पाणी फारच खाली गेलेलं असेल तर पळसदेवजवळ बुडालेलं पळसनाथाचं प्राचीन मंदिर वर आलेलं दिसेल. जानेवारीत ती अपेक्षा ठेवू नये.

रेहेकुरी आणि पैठणपर्यंतचा रस्ता

भिगवणहून राशीनमार्गे कर्जत साधारण सव्वा तास. रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य १९८० साली जाहीर झालं, क्षेत्र अवघं २.१७ चौरस किलोमीटर. एवढ्याशा जागेत काळविटं बांधून राहत नाहीत, आजूबाजूच्या शेतांत सर्रास जातात. म्हणून संध्याकाळी आत शिरण्याआधी बाहेरच्या रस्त्याने गाडी हळू चालवत दोन्हीकडची शेतं बघा. कळप दिसला तर इंजिन बंद करा, पण खाली उतरू नका. उभ्या गाडीला ती फारशी बुजत नाहीत, चालत्या माणसाला लगेच बुजतात. दुसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षकाला विचारून आतली पायवाट आणि मनोरा करा.

तिथून मिरजगाव, पाथर्डी, शेवगावमार्गे पैठण दीडशेच्या आसपास. रस्ता काही ठिकाणी छान आहे, काही ठिकाणी खड्ड्यांचा, चार तास धरून चाला. वाटेत हुरड्याचे बोर्ड दिसले की थांबा. शेतातल्या आगटीत भाजलेला, हातावर मळून दिलेला गरम हुरडा आणि लसणाची चटणी, सोबत दही. दुपारचं जेवण त्यातच उरकतं.

पैठणला नाथसागराचा, म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयाचा, पसारा थक्क करतो: लांबी ५० किलोमीटरहून जास्त, आणि धरणाची मातीची भिंत जवळपास दहा किलोमीटरची. जायकवाडी धरण १९७६ साली पूर्ण झालं आणि १९८६ साली जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. पण एवढ्या मोठ्या पाण्यात पक्षी शोधायचे कुठे, हा इथला खरा प्रश्न. धरणाच्या भिंतीवरून बघण्यात वेळ घालवू नका, तिथे पाणी खोल असतं. फुगवट्याच्या, म्हणजे धरणामागे लांबवर पसरलेल्या पाण्याच्या, कडेने, जिथे उतरत्या पाण्यामागे लोकांनी गाळपेर केलेली असते, तिकडच्या गावांत जा. वाटेल त्या बांधावर गाडी नेऊ नका. शेतकऱ्याला विचारून पायी उतरा. ओल्या गाळातल्या कोवळ्या पिकाच्या कडेला चक्रवाकांच्या जोड्या आणि नशीब असेल तर क्रौंच भेटतात. हातात एकच सकाळ असल्याने एकच काठ निवडा. दुपारी नाथांच्या समाधीचं दर्शन घेऊन निघालात तरी चालतं.

लोणार

पैठणहून पाचोड, अंबड, जालना, सिंदखेडराजा असं यायचं. सिंदखेडराजाला जिजाऊंचं जन्मस्थान आणि जाधवांच्या काळातला मोती तलाव आहे, तासभर नक्की द्या.

लोणार या वाटेवरचं एकमेव पाणी जे माणसाने अडवलेलं नाही. बेसॉल्टच्या पठारावर उल्का आदळून झालेलं हे विवर साधारण १.८ किलोमीटर व्यासाचं आहे. तळाचं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. २०२० साली जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी केली. मीठ वाढल्यावर फोफावणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे रंग बदलला होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळाचा मान, मिळाला.

इथे दोन मुक्काम यासाठी की उतरायला सकाळ पूर्ण लागते आणि चढताना दम निघतो. साडेसहाला कडेवर हजर राहा, स्थानिक वाटाड्या सोबत घ्या आणि प्रत्येकी दोन लिटर पाणी. उतारावरच्या रानात मोर आणि माकडं आहेत, खाण्याची पिशवी बंद ठेवा. खाली गेल्यावर नुसतं पाण्याकडे बघू नका. गोड्या पाण्याचे झरे जिथे खाऱ्या पाण्याला मिळतात त्या कोपऱ्यांत पक्ष्यांची गर्दी असते. पाणी चढलेलं असेल तर कमळजा देवीच्या मंदिरापर्यंतची वाट बुडते, तेव्हा हट्टाने पुढे जाऊ नका. अकरापर्यंत वर या. दुपारी गावातलं दैत्यसूदन मंदिर बघा, त्यावरच्या मूर्तींना घाईघाईत बघणं हा अन्याय आहे. एमटीडीसीचं निवासस्थान विवराजवळच आहे, आधी नोंदणी करा.

समृद्धीवरून नांदूरला

सिंदखेडराजा किंवा मेहकरच्या इंटरचेंजला समृद्धी महामार्ग धरायचा आणि शिर्डीजवळ उतरायचं. पंप आणि खाण्याच्या सोयी एकमेकींपासून लांब आहेत, म्हणून चढण्याआधी टाकी आणि डबा दोन्ही भरून घ्या. सरळ रस्त्यावर डोळा लागतो; तासाभराने चालक बदला किंवा विश्रांतीच्या ठरलेल्या जागी थांबा, कडेला कुठेही नाही. संक्रांतीच्या दिवसांत येवल्याच्या बाजूने जात असाल तर तारांवर, झाडांवर लटकलेला मांजा दिसेल. नायलॉनच्या मांजाला बंदी आहे, तरी त्यात अडकलेले बगळे आजही सापडतात. हाताला लागेल तेवढा गुंडाळून कचऱ्यात टाका.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ ब्रिटिश काळात बंधारा झाला. शंभर वर्षांत त्यामागे गाळ साठत गेला, बेटं तयार झाली, पाणी उथळ झालं आणि पाणवनस्पती माजल्या. बंधारा म्हणून ती अडचण, पक्ष्यांसाठी तेच घर. नांदूर मधमेश्वर २०२० साली महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं.

बुधवारी सहा वाजता चापडगावच्या प्रवेशद्वारापाशी असा. तिकीट काढा आणि स्कोप (स्टँडवरची मोठी दुर्बीण) असलेला स्थानिक गाईड घ्या, त्यावर पैसे वाचवू नका. धुकं असलं तर आठपर्यंत फारसं दिसणार नाही, तोवर कान उघडे ठेवा: जांभळ्या पाणकोंबड्यांची कुरकुर आणि वारकरी पक्ष्यांची पाण्यावरची धावपळ ऐकू येते. ऊन वर आलं की मनोऱ्यावर चढा. थापट्या, तलवार बदक, गढवाल या बदकांचे मिश्र थवे इथे जवळून बघता येतात. त्यांच्यावर अचानक खळबळ उडाली तर वर बघा, दलदलीवरचा भोवत्या फिरत असतो. कमळपक्षी मात्र मनोऱ्याखालच्या पानांवरच सापडेल.

आदल्या दिवशी गाईडला एक प्रश्न फोनवर विचारून ठेवा: आवर्तन, म्हणजे शेतीसाठीचं पाणी, सुटलंय का? गंगापूर आणि दारणा धरणांतून सोडलेलं पाणी इथून कालव्यांत जातं. आवर्तन सुरू असेल तर पाणी चढतं आणि चिखलावरचे पक्षी पांगतात. अशा वेळी मनोऱ्यावर ताटकळण्यापेक्षा गाईडला खाणगाव थडीच्या बाजूने कडेकडेने न्यायला सांगा.

मुलं बरोबर असतील किंवा सात दिवस मिळत नसतील तर सुपे-भिगवण-रेहेकुरी ही तीन दिवसांची एक सहल आणि लोणार-नांदूर ही दुसरी, असे दोन भाग सहज पडतात. पैठण त्यात कुठल्याही बाजूला जोडता येतं.

नांदूरहून दहाला निघा. सिन्नर, संगमनेर, नारायणगावमार्गे पुणे दोनशे किलोमीटर आहे. संगमनेरला जेवून तीनच्या आत चाकण ओलांडता आलं तर बरं, कारण चारनंतर तिथे कंपन्या सुटतात आणि शेवटचे तीस किलोमीटर सगळ्या सहलीत लांब वाटतात. ई-बर्डवरच्या नोंदी गाडीत मागे बसलेल्याने वाटेतच भरून टाकाव्यात. पाणी कुठवर होतं तेही टिपणात लिहावं, पुढच्या आठवड्यात निघणाऱ्याला ते उपयोगी पडतं.